डेलियाचे कंद कोणी राखावयाचे?

पुष्पप्रदर्शनात बक्षिसाची चिठ्ठी फुलाच्या देठाशी लावलेली असते. ज्या कंदातून ते फूल आले, तो कंद आधीचे चार-पाच महिने कोणाच्या घरात, कसल्या पेटीत आणि कोणाच्या देखरेखीखाली पडून होता, याची विचारपूस परीक्षक करीत नाहीत. आणि प्रेक्षकांना तर अशी काही विचारपूस संभवते याची कल्पनाही नसते. झेंडू किंवा अ‍ॅस्टर यांच्या बाबतीत ही उपेक्षा क्षम्य मानता येईल, कारण त्यांचे बी पुडीतून येते, वाफ्यात पडते आणि हंगाम सरला की त्यांचा हिशेबही सरतो. डेलियाची गोष्ट निराळी आहे. डेलियाचा एखादा नामांकित वाण आज आपल्यासमोर फुललेला दिसतो, तो एवढ्याच कारणाने की, तो जन्माला आल्यापासून आजतागायत, एकाही वर्षाचा खंड न पडू देता, कोणी ना कोणी त्याचा कंद गारठ्यापासून, पाण्यापासून आणि कुजण्यापासून राखून पुढच्या हंगामाच्या हवाली केला आहे. फूल उमलवण्याचे काम ऊन, पाणी आणि खत यांच्या योगाने बरेचसे आपोआप होते. राखण्याचे काम मात्र आपोआप होत नाही. म्हणून बागकामातील श्रेयाची वाटणी आपण चुकीची करतो, असे माझे मत आहे. आणि ज्या समाजात राखणाऱ्याला मान नाही, त्या समाजाला आपल्या बागा दरसाल नव्याने विकत घ्याव्या लागतात, हा त्या चुकीचा दंड आहे.

डेलियाचे मूळ स्थान म्हणजे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतील उंच डोंगराळ प्रदेश. तेथे पावसाच्या महिन्यांत हे झाड वाढते आणि फुलते. पुढे कोरडा ऋतू लागला की वरचे खोड वाळून जाते आणि जमिनीखालचे कंद पुढच्या पावसापर्यंत स्वस्थ पडून राहतात. म्हणजे हा कंद त्या वनस्पतीने अवर्षणाच्या महिन्यांसाठी केलेली बेगमी आहे. गोठणाऱ्या जमिनीचा विचार त्या बेगमीत मुळीच केलेला नाही. कंदात इन्युलिन नावाचा शर्करावर्गीय साठा असतो आणि बाकी बहुतांशी पाणी. जमीन गोठली की हे पाणी गोठते, पेशी फाटतात, आणि वसंतात कुदळ घालणाऱ्याच्या हाती काळपट, दुर्गंधीयुक्त लगदा लागतो. त्यातच दिवस लहान होऊ लागल्यावरच कंद पोसण्याच्या क्रियेला जोर येतो, त्यामुळे इंग्लंड, हॉलंड, जर्मनी किंवा अमेरिकेची उत्तरेकडील राज्ये येथे या झाडाची मोठी कुचंबणा होते: ज्या शरदात त्याचा कंद भरतो, त्याच शरदाच्या पाठोपाठ त्या कंदाचा काळ दारात येऊन उभा राहतो. अशा देशांत डेलिया दोनशे वर्षांहून अधिक काळ नांदला, याचे श्रेय दर शरदात कंद उकरून घरात आणणाऱ्या माणसांच्या चिकाटीकडे जाते.

ही चिकाटी नसली म्हणजे काय होते, याचा दाखला डेलियाच्या युरोपातील पहिल्या काही वर्षांतच सापडतो. १७८९ साली मेक्सिको शहरातील वनस्पती-उद्यानातून व्हिसेन्ते सर्व्हान्तेस यांनी माद्रिदच्या शाही उद्यानाकडे बी धाडले. तेथील धर्मोपदेशक आणि वनस्पतिशास्त्रज्ञ कावानिलेस यांनी त्यापासून झाडे वाढवली आणि स्वीडनचे दिवंगत वनस्पतिशास्त्रज्ञ अँडर्स डाल यांच्या स्मरणार्थ १७९१ साली त्यांचे नामकरण केले. १७९८ मध्ये माद्रिद येथील ब्रिटिश राजदूताची पत्नी लेडी ब्यूट हिने त्यातला काही वाटा इंग्लंडला रवाना केला. तो क्यू येथील उद्यानात रुजला आणि फुललाही. परंतु दोन-तीन वर्षांत ती झाडे नामशेष झाली. १८०४ साली लेडी हॉलंड हिने माद्रिदहून पाठवलेले बी लंडनच्या हॉलंड हाऊसच्या बागेत रुजले आणि टिकले, तेव्हा कोठे इंग्लंडात डेलियाचा अंमल सुरू झाला. राजदूताचे घर, क्यूसारखे उद्यान, एवढी अनुकूलता असूनही पहिला प्रयत्न वाया गेला; कारण झाड आणण्याची हौस होती, तरी ते राखण्याची रीत अद्याप कोणाच्या अंगवळणी पडलेली नव्हती.

याच्या उलट दाखला १८७२ सालचा आहे आणि तो मला अधिक मोलाचा वाटतो. हॉलंडमधील उट्रेख्ट येथील व्हॅन डेर बर्ग नावाच्या बागाइतदाराकडे मेक्सिकोहून बियाण्याची आणि रोपांची एक पेटी आली. समुद्रप्रवासात आतील माल जवळजवळ सगळा कुजून गेला होता. कोणत्याही व्यवहारी मनुष्याने ती पेटी उकिरड्यावर रिती केली असती आणि त्याला कोणी दोषही दिला नसता. व्हॅन डेर बर्ग यांनी तो सडका माल हाताने चिवडून पाहिला, त्यात मुळाचा एक लहानसा तुकडा जिवंत असल्याचे त्यांच्या ध्यानात आले, तो त्यांनी जपून लावला आणि पुढे त्याची कलमे केली. त्या तुकड्यातून जे फूल उमलले ते तांबडेभडक होते आणि त्याच्या पाकळ्या मागे वळलेल्या, टोकदार अशा, युरोपाने तोवर कधी न पाहिलेल्या. मेक्सिकोचे अध्यक्ष बेनितो हुआरेस यांचे नाव त्याला मिळाले, आणि आज ज्यांना आपण कॅक्टस डेलिया म्हणतो त्या सगळ्या कुळाचा उगम त्या एका तुकड्यात आहे. ती पेटी न तपासता फेकली गेली असती, तर एक आख्खे घराणे पुष्पसृष्टीत जन्मलेच नसते.

कोणी म्हणेल की, एवढा खटाटोप कशाला. बी धरावे आणि पेरावे. अडचण अशी की, डेलियाच्या पेशींत गुणसूत्रांचे आठ संच असतात, मनुष्याप्रमाणे दोन नव्हेत. आणि त्यामुळे बियांतून उगवलेले पोर आईबापांसारखे निघेल याची काडीमात्र शाश्वती नसते. नवे वाण शोधणाऱ्याला ही अशाश्वतता वरदानासारखी आहे, आणि हजारो वाणांची नोंद झाली ती याच कारणाने. परंतु एकदा हाती लागलेला वाण जसाच्या तसा पुढे न्यावयाचा असेल, तर त्याच झाडाचा कंद किंवा त्याच कंदाच्या कोंबाचे कलम, यांखेरीज गत्यंतर नाही. कार्डिफ येथील रोपवाटिकेचे फ्रेड ट्रेसेडर यांनी १९२४ साली काढलेला, काळपट पानांचा आणि लाल फुलांचा ‘बिशप ऑफ लॅन्डॅफ’ आज जेथे जेथे फुलतो, तेथे तेथे ते त्याच मूळ झाडाचे वाढवलेले अंग आहे. ‘व्हाइट अ‍ॅस्टर’ नावाचा पांढरा गोंडेदार वाण १८७९ सालचा. तोही अजून लागवडीत आहे. या मुदतीत दोन महायुद्धे झाली, फुलांचे वाफे मोडून त्यांत भाजीपाला लावण्याची पाळी इंग्लंडवर आली, आवडीनिवडी कितीदा तरी पालटल्या. आणि तरीही तो वाण आपल्यापर्यंत पोचला, याचा अर्थ असा की, मधल्या प्रत्येक हिवाळ्यात कोठे ना कोठे एक पेटी कोरडी आणि उबदार राहिली.

ही पेटी भरावयाची कशी, हे थोडे तपशिलाने सांगणे इष्ट आहे. कारण ज्या कामाची निगुती आपल्याला ठाऊक नसते त्याची किंमतही आपल्याला कळत नाही. इंग्लंडात साधारणतः ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरात पहिले कडक दहिवर पडते आणि एका रात्रीत डेलियाची हिरवी पाने काळी ठिक्कर होतात. त्या दिवशी घाई करावयाची नसते. खोड जमिनीपासून वीतभर ठेवून वरचा भाग छाटतात, नावाची पट्टी त्या खुंटाला घट्ट बांधतात, आणि मग खुंटापासून हातभर अंतर राखून चारी बाजूंनी दातेरी फावडे घालून सबंध गड्डा अलगद उचलतात. हा गड्डा म्हणजे रताळ्यांचा घोसच म्हणा ना. मात्र त्यातील प्रत्येक कंद एका बारीक मानेने मधल्या खोडाच्या बुडख्याला जोडलेला असतो, आणि सगळी मेख या मानेत आहे. बटाट्याच्या अंगावर जागोजाग डोळे असतात, कारण बटाटा हे वस्तुतः खोड आहे. डेलियाचा कंद हे मूळ आहे. त्याच्या अंगावर एकही डोळा नसतो. डोळे असतात ते फक्त बुडख्यापाशी, जेथे मान खोडाला मिळते तेवढ्या चिंचोळ्या पट्ट्यात. मान मोडली किंवा पिरगळली, की कंद कितीही गुबगुबीत आणि निरोगी दिसो, तो वर्षभर मातीत ठेवला तरी त्याला कोंब फुटणार नाही.

नंतर माती झाडावयाची. ती पाण्याने धुवावी की नुसती झटकावी, यावर जुन्या बागाइतदारांत दोन तट आहेत आणि दोन्ही तटांना आपापला अनुभव साक्षीला आहे. मात्र एका गोष्टीवर सर्वांचे एकमत आहे: डेलियाचे खोड पोकळ असते आणि छाटल्यावर त्या नळीत पाणी साचून राहते, म्हणून गड्डे दोन-तीन आठवडे उलटे, खुंट खाली करून ठेवावयाचे, म्हणजे ते पाणी निथळून जाते. हे निथळणे ज्याने टाळले त्याच्या गड्ड्याचा बुडखा मध्यभागापासून, म्हणजे नेमका डोळ्यांच्या जागी, कुजतो. आणि हे कुजणे बाहेरून महिना-दोन महिने दिसतही नाही. निथळल्यावर मोडके, खरचटलेले कंद कापून टाकतात, कापावर गंधकाची पूड लावतात, आणि कोरडी वाळू, जुने कोरडे खत, लाकडाचा भुसा किंवा वर्तमानपत्राचे तुकडे भरलेल्या लाकडी खोक्यात ते एकमेकांना न टेकतील असे मांडतात. अमेरिकेत कित्येकजण एकेक कंद सुटा करून प्लास्टिकच्या पातळ कागदात गुंडाळतात. जागा अंधारी, हवा खेळती आणि उष्णमान ४ ते १० अंश सेल्सियसच्या दरम्यान असले पाहिजे. त्याखाली गेले तर कंद गोठण्याची भीती, त्यावर गेले तर ते सुकून सुरकुततात किंवा अवेळी कोंब धरतात.

यापुढचे काम हेच खऱ्या परीक्षेचे. महिन्यातून एकदा तरी खोके उघडून प्रत्येक कंद अंगठ्याने दाबून पाहावयाचा असतो. घट्ट लागला तर ठीक. सुरकुतला असेल तर वाळूवर पाण्याचा हलकासा शिडकावा. आणि अंगठा रुतला, आंबूस वास आला, तर तो भाग पांढरा गर दिसेपर्यंत कापून, गंधक लावून तो कंद निराळा ठेवावयाचा, नाहीतर एका कंदाचा रोग आठ दिवसांत सगळ्या खोक्याचा होतो. गड्ड्याची फोड शरदातच करावी की वसंतात, हाही एक वादाचा विषय आहे: शरदात बुडखा मऊ असतो, सुरी सहज चालते, पण डोळे नीट दिसत नाहीत, वसंतात डोळे फुगून स्पष्ट दिसतात, पण बुडखा लाकडासारखा टणक झालेला असतो. पुढे फेब्रुवारीच्या सुमारास काही गड्डे उबेला आणून त्यांना कोंब फोडतात आणि त्यांची कलमे करतात. बाकीचे कंद दहिवराचे भय ओसरू लागले की एप्रिल-मे महिन्यांत जमिनीत जातात. या सहा महिन्यांच्या कारभारात टाळ्या मिळण्याजोगा एकही क्षण नाही. यात आहे ती फक्त फेरतपासणी, नोंद आणि खबरदारी. आणि माझ्या मते बागाइतदाराची पारख करावयाची तर ती याच ठिकाणी करावी.

या म्हणण्यावर दोन आक्षेप येतात आणि ते दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला असा की, हल्ली इंग्लंडच्या दक्षिण भागात पुष्कळ लोक कंद काढतच नाहीत. वर वीतभर जाडीचे पालापाचोळ्याचे किंवा कुजलेल्या खताचे आच्छादन घालतात, आणि वसंतात झाड पुन्हा वर येते. जेथे जमीन निचऱ्याची आहे आणि हिवाळे सौम्य आहेत तेथे हे खरे आहे, आणि तेथे विनाकारण कंद उकरण्याचा हट्ट मी धरणार नाही. परंतु चिकण, पाणी धरणाऱ्या जमिनीत गारठ्याआधी ओलच कंद खाऊन टाकते. शिवाय सौम्य हिवाळ्यांची मालिका म्हणजे काही सनद नव्हे. २०१० सालचा डिसेंबर ब्रिटनमध्ये शंभर वर्षांतला सर्वांत थंड डिसेंबर ठरला. सगळे वाण जमिनीच्या भरवशावर सोडणाऱ्याचा जामीन अशा एकाच महिन्यात जप्त होतो. म्हणून ज्याच्याकडे एखादा दुर्मिळ वाण आहे त्याने निदान एक गड्डा घरात आणावा, एवढा विवेक तरी पाळलाच पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक बिकट आहे. दर वसंतात हॉलंडच्या शेतांतून निघालेले कंद रंगीत चित्रांच्या पिशव्यांतून बाजारात येतात, ते स्वस्त असतात, मग तळघर अडवून, दर महिन्याला खोके चाळून हे द्राविडी प्राणायाम करावयाचे प्रयोजन काय? यातील हिशेब बिनचूक आहे, पण तो फक्त पैशाचा हिशेब आहे. व्यापारी लावतो तो वाण, जो लाखाच्या संख्येने खपतो. जो मोजक्या लोकांना आवडतो, ज्याचे कंद बारीक निघतात किंवा ज्याची मान नाजूक म्हणून वाहतुकीत मोडते, तो त्याच्या यादीतून गुपचूप गळतो. यात व्यापाऱ्याचा दोष नाही. त्याचा तो धर्मच आहे. परंतु बाजाराच्या यादीतून गळलेला वाण जगावयाचा असेल, तर तो हौशी माणसाच्या खोक्यातच जगेल, अन्यत्र कोठेही नाही. इंग्लंडातील डेलियाची राष्ट्रीय सभा १८८१ साली आणि अमेरिकेतील सभा १९१५ साली स्थापन झाली. अशा सभांच्या सदस्यांनी आपापसांत कंदांची देवघेव केली म्हणून जुन्या वाणांपैकी जे वाचले ते वाचले. येथे एक इशारा मात्र आवश्यक आहे. राखणे याचा अर्थ जे असेल ते सगळे कवटाळणे असा नव्हे. डेलियाला विषाणूंची बाधा होते, पाने चट्टेरी पडतात, झाड खुरटते. असल्या झाडाचा कंद ममतेपोटी ठेवणारा मनुष्य शेजारच्या दहा निरोगी झाडांचा घात करतो. राखणाऱ्याला टाकताही आले पाहिजे.

ही राखण एकट्यादुकट्याने न करता अवघ्या गावाने केली तर काय घडते, हे पाहावयाचे असेल तर हॉलंडच्या दक्षिणेकडील झुंडर्ट या गावाकडे पाहावे. चित्रकार व्हॅन गॉग याचे हे जन्मगाव. तेथे १९३६ सालापासून सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी डेलियाच्या फुलांनी मढवलेल्या प्रचंड चित्ररथांची मिरवणूक निघते. गावच्या वीस वाड्या आपापसांत चुरस लावून हे रथ उभारतात, आणि पाहुण्यांच्या नजरेत भरतात ते रथच. परंतु वाड्यांची मंडळी स्वतःच्या शेतांत डेलिया लावतात, निगराणी करतात, आणि मिरवणूक संपून पाहुणे पांगल्यावर, शरदातल्या चिखलात उतरून कंद काढून पुढच्या वर्षासाठी साठवतात, हे फार थोड्यांना माहीत असते. २०२१ साली युनेस्कोने हॉलंडमधील या मिरवणुकांच्या परंपरेची मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली. माझ्या दृष्टीने त्या नोंदीचा मोठा वाटेकरी सप्टेंबरातला रथ नसून पुढच्या हिवाळ्यातले कोठार आहे. कारण कोठार नसते तर एकाच वर्षात परंपरेचा खर्च गावाला पेलेनासा झाला असता.

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्राच्या मैदानी भागात डेलियाला दहिवराचे भय नाही. येथे शत्रू दोन आहेत आणि ते एकामागून एक चाल करून येतात. पाऊस ओसरल्यावर लावलेला डेलिया थंडीत फुलतो आणि फाल्गुनाच्या सुमारास पिवळा पडू लागतो. त्यानंतर वैशाखाचे ऊन कंदातील पाणी शोषून त्याचे काष्ठ करते, आणि त्यातूनही जो वाचला त्याला आषाढाची ओल कुजवते. म्हणजे तिकडे जी कोठारबंदी कार्तिकात सुरू होते ती आपल्याकडे चैत्रात करावी लागते. बाकी मान, डोळा, निचरा, नावाची पट्टी आणि महिन्याची फेरतपासणी, यांत तिळमात्र फरक नाही. चार ते दहा अंशांची खोली आपल्या घरात नसते हे उघड आहे, म्हणून येथे कंदांची तूट अधिक येणार हेही गृहीत धरले पाहिजे. मातीच्या मडक्यात कोरडी वाळू भरून, ते घराच्या उत्तरेकडील अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवले आणि वाळू अगदीच ठणठणीत होऊ लागली तर वर दोन थेंब शिंपडले, की निम्म्याहून अधिक कंद तगण्याची आशा बाळगता येते. परदेशी राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांना तर ही विद्या नवी वाटण्याचे कारण नाही. शिकागोत किंवा न्यू जर्सीत जो मनुष्य दर शरदात कढीपत्त्याची कुंडी घरात घेतो आणि मे महिन्यात पुन्हा अंगणात मांडतो, त्याला डेलियाचे खोके सांभाळणे अवघड जाऊ नये.

आणि बेणे राखण्याची आपली परंपरा कोठे कमी आहे? सांगली-साताऱ्याकडचा हळदीचा शेतकरी काढणीनंतर जेठे गड्डे निवडून बाजूला काढतो, सावलीत त्यांचा ढीग रचतो, त्यावर हळदीचाच पाला झाकतो आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमारास तेच बेणे पुन्हा सरीत लावतो. आल्याचे बेणे, सुरणाचे गड्डे, अळूचे कंद, यांची निगा आपल्या खेड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. मग जे ज्ञान शेतात आहे ते बागेच्या फाटकापाशी येऊन का अडते? याचे कारण मला असे दिसते की, शेतातील पीक ही आपली मत्ता आहे आणि बागेतील फूल ही शोभा आहे, अशी आपली धारणा झाली आहे. आणि शोभेची वस्तू वापरून टाकावयाची असते, राखावयाची नसते. शहरांतील बागांतून हंगामी फुलझाडे कंत्राटाने येतात, हिवाळाभर मिरवतात, आणि ऊन वाढले की कुंडीतल्या मातीसकट कचऱ्यात जातात. या कचऱ्यात डेलियाचे उत्तम पोसलेले गड्डे असतात, आणि पुढच्या वर्षी तसल्याच डेलियासाठी पुन्हा निविदा निघते. हल्ली कुंडीत मिळणारे ठेंगणे डेलिया बहुधा बियांपासून केलेले असतात आणि त्यांना वाणाचे नाव नसते हे खरे. परंतु कंद त्यांनाही येतात, आणि त्यातील एखादा रंग मनात भरला असेल तर तो पुन्हा पाहण्याचा मार्ग त्या कंदातूनच जातो. भारतात डेलियाचे नवे वाण निर्माण करणाऱ्यांत रामकृष्ण मिशनचे स्वामी विनयानंद यांचे नाव आदराने घेतले जाते. अशा देशी वाणांना तर परदेशातील कोणतीही सभा जगवणार नाही, त्यांचा भार आपल्यालाच उचलला पाहिजे.

तेव्हा माझ्या सूचना थोड्या आहेत आणि त्यांपैकी एकीलाही मोठ्या खर्चाची तजवीज लागत नाही. ज्या सार्वजनिक बागांत डेलिया लावला जातो, तेथील कंत्राटात हंगामाअखेर कंद काढून, नाव आणि रंग लिहून, ते उद्यानखात्याच्या हवाली करण्याची एक अट घालावी. आणि खात्याने एक सावलीची खोली, वाळूची काही खोकी आणि एक नोंदवही एवढा सरंजाम करावा. पहिल्या वर्षी निम्मे कंद वाया गेले तरी त्या वहीवरून कोणती चूक कोठे झाली हे कळेल, आणि ते कळणे हाच पुढच्या वर्षाचा नफा. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनचा कारभार पाहणारी आणि १८३० साली स्थापन झालेली कृषि-उद्यान संस्था दर जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरवते, मुंबईत राणीच्या बागेतही भरते. अशा प्रदर्शनांतून फुलांच्या बक्षिसांबरोबरच, लागोपाठ तीन वर्षे स्वतः राखलेल्या कंदातून फूल आणणाऱ्यासाठी एक निराळे बक्षीस ठेवावे, आणि ते सर्वांत मोठ्या फुलाच्या बक्षिसाहून कमी मोलाचे असू नये. चैत्रात एखाद्या रविवारी कंदांच्या देवघेवीचा बाजार भरवावा. कारण एक वाण दहा घरी असला तर नऊ घरची हयगयही त्याला मारू शकत नाही, आणि एकाच घरी असला तर एका उन्हाळ्यातील गावी जाणे त्याला पुरेसे होते.

राहता राहिले आपण सर्वसामान्य वाचक. यंदा डेलियाची फुले सरून पाने पिवळी पडली, म्हणजे कुंडी उपडी करून माती फेकण्याआधी ती हाताने फोडून पाहा. गड्डा सापडला तर त्याच्या माना सांभाळून तो आठ दिवस सावलीत सुकवा, पट्टीवर पेन्सिलीने फुलाचा रंग आणि वर्ष लिहा, कोरड्या वाळूत ठेवा आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला अंगठ्याने दाबून बघा. दोन गड्डे निघाले तर त्यातला एक शेजारी द्या. हे करावयास बागाइतदाराची पदवी लागत नाही. आठवण ठेवावी लागते, इतकेच.